स्टँडला सांगितलं होतं

आमच्या जावयांशी माझा अबोला होता आणि तो मी नीट पाळला होता. लोक आज अबोला धरतात आणि उद्या किल्ली सापडत नाही म्हणून बोलतात, तसला नाही. एका घरात राहून, एका टेबलावर जेवून, नातीचे दुधाचे दात पडायला लागले तेव्हापासून ते ती ओठांना लिपस्टिक लावायला लागेपर्यंत मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. त्यांनीही माझ्याशी नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. याला चिकाटी लागते. आणि एक तिसरा माणूस लागतो.

तिसरा माणूस म्हणजे माझी लेक. "अगं, त्यांना सांग, जेवण गार होतंय." "आईंना सांग, आलोच." ती बिचारी मध्ये बसून इकडचं तिकडे करायची. पुढे पुढे तर घास चावत नुसती मान हलवायची, कारण आम्हा दोघांना ऐकू आलेलंच असायचं. पण ऐकू येणं वेगळं आणि सांगितलं जाणं वेगळं. तिने मान हलवली की सांगितलं गेलं, असा आमच्यात कायदा होता.

कारणही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारी खाष्ट आहे. आहेच, पण कारण होतं. जावई टाइल्स बसवतात. त्यांच्या हाताला नाव आहे, मोठमोठ्या हॉटेलांतली फरशी त्यांनी केली आहे. आमच्या बाथरूमच्या टाइल्स बदलायच्या निघाल्या तेव्हा घरात कारागीर असताना बाहेरचा कशाला, म्हणून त्यांनीच बसवल्या. निळसर, महागातल्या, दिसायला देखण्या. पहिल्या दिवशी मी बादलीभर पाणी ओतलं, तर ते जाळीकडे जायचं सोडून दाराकडे आलं आणि उंबरा ओलांडून माझ्या चपलेत शिरलं. बाहेर पाहुणे बसले होते. मी तशीच ओल्या पायांनी आले आणि म्हटलं, "पाण्याला बहुतेक पाहुण्यांना भेटायचंय."

पाहुणे हसले. जावई उठले, आपली लेव्हल घेऊन आत गेले. लेव्हल म्हणजे ती काचेच्या नळीत बुडबुडा असलेली पट्टी, तिच्याशिवाय ते झोपतसुद्धा नाहीत. ती जमिनीवर ठेवून, वाकून बघून, बाहेर येऊन म्हणाले, उतार बरोबर आहे, घरच एका अंगाला बसलंय. मी म्हटलं, "नाचता येईना अंगण वाकडं." इथपर्यंतही ठीक होतं. पण त्यावर पाहुण्यांदेखत ते म्हणाले, "अंगण सरळ आहे. आईंचा पाय वाकडा आहे."

माझा उजवा गुडघा बाहेर वळलेला आहे, हे खरं आहे. लॉन्ड्रीत आयुष्यभर उभी राहून मशीनमधून ओल्या चादरी काढल्या, त्यात तो वळला. मी तो कुणाला दाखवत नाही आणि त्यावर कुणी बोलायचं नाही. त्या दिवसापासून मी तोंडाला कुलूप लावलं आणि बाथरूमच्या दाराशी पोतं टाकलं. पोतं ओलं झालं की जावयांच्या खिडकीसमोर वाळत घालायचं, एवढंच काय ते माझं बोलणं.

मग जावई पडले.

नव्या इमारतीत काम चालू होतं. टाइल्सची ओळ सरळ दिसते का ते लांबून बघायचं म्हणून ते एकेक पाऊल मागे जात होते. ही त्यांची सवयच आहे, आमच्या स्वयंपाकघरातसुद्धा ते असेच मागे मागे येऊन माझ्यावर आदळायचे. ओळ सरळ होती. मागे बाल्कनी होती आणि बाल्कनीला अजून कठडा बसवलेला नव्हता. मांडीचं हाड मोडून कातडीबाहेर आलं, पोटात आतल्या आत रक्त सांडलं, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत अंगातलं निम्मं रक्त रस्त्यावर गेलं होतं. एकामागून एक रक्ताच्या पिशव्या चढवल्या. त्यांच्या हाताखालची सगळी माणसं सिमेंटच्या कपड्यांनिशी रक्तपेढीत रांग लावून उभी राहिली. मीही बाही वर करून गेले होते, पण तिथल्या मुलीने माझं वय विचारलं आणि बाही खाली करून दिली.

वाचले. मोठ्या दोन ऑपरेशनांनंतर त्यांना वेगळ्या खोलीत आणलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला आणि लेकीला समोर बसवलं. वयाने कोवळी, केसांत पेन खोचलेलं, पण बोलणं असं की मधे तोंड घालायची सोय नाही.

"रक्त दिलं नसतं तर ते वाचले नसते," ती म्हणाली. "ते रक्त तपासलेलं होतं, त्यातून रोग येईल ही भीती नका धरू. पण एवढं रक्त एकदम चढवलं की शरीराची स्वतःची राखण काही दिवस ढिली पडते. त्यात एवढा मार, उघडी जखम. जंतूंना शिरायला हीच वेळ."

"म्हणजे घरभर पाहुणे उतरले की चोराचं फावतं, तसं," मी म्हटलं. "घरचा कोण आणि बाहेरचा कोण, राखणदाराला कळेनासं होतं."

"अगदी तसं नाही," ती म्हणाली. "पण चालेल. आता ऐका. थंडी वाजली, ताप आला, जखम जास्त ठणकायला लागली, किंवा ते काही भलतंच बरळायला लागले, तर लगेच सांगायचं. तासभर बघू, असं नाही. आणि दुखण्यावरच्या औषधाने ताप दबतो, थर्मामीटर गप्प बसतं. म्हणून त्यांच्याजवळ बसणाऱ्याने त्यांच्याशी सारखं बोलत राहायचं. काय वाटतंय, कुठे दुखतंय, विचारत राहायचं. एकच माणूस आत जाईल, रोज तोच. कोण बसणार?"

"मीच," लेक म्हणाली, आणि शिंकली.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या लाल नाकाकडे बघितलं आणि नकाराची मान हलवली. नात घरी खोकत पडली होती. आमच्या घरात त्या आठवड्यात ठणठणीत म्हणावं असं एकच माणूस होतं, आणि ते मी होते.

"डॉक्टर, एक अडचण आहे," लेक म्हणाली. "आई त्यांच्याशी..."

मी टेबलाखाली तिच्या पायावर पाय दिला. वाकडा असला तरी बरोबर जागी पडला. घरातली धुणी डॉक्टरांसमोर धुवायची काही गरज नव्हती. मी म्हटलं, "मी बसते. हात धुण्यात माझा हात कुणी धरणार नाही." आणि विषय संपवला.

हात मी खरंच धुतले. कोपरापर्यंत, नखांच्या खाली, साबण दोनदा लावून. वर निळा गाऊन, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क. अशी मी आत शिरले तेव्हा जावयांनी मला ओळखलं ते चालीवरून. त्यांनी मान भिंतीकडे वळवली. बाकी काही वळवण्यासारखं त्यांच्याकडे उरलं नव्हतं. मी खुर्ची ओढून बसले आणि आम्ही दोघं पंखा ऐकत बसलो.

थोड्या वेळाने त्यांनी उशाचा फोन घेतला. "अगं, आईंना सांग, उशी जरा वर पाहिजे." माझ्या पिशवीतला फोन वाजला. "आई, त्यांची उशी वर कर," लेक भरल्या नाकाने म्हणाली. मी केली. मी हाताच्या अंतरावर बसलेले होते. मग मी तिला फोन लावला, "त्यांना विचार, आता बरं वाटतंय का." त्यांचा वाजला. "हो म्हणावं." माझा वाजला. असं दिवसभर चाललं. संध्याकाळपर्यंत लेकीचा आवाज बसला आणि जावयांच्या फोनचं चार्जिंग.

दुसऱ्या दिवशी सिस्टरने आम्हाला रंगेहाथ पकडलं. धिप्पाड बाई, चालली की ट्रॉली आपणहून बाजूला व्हायची. "फोनवर काय काय असतं कल्पना आहे?" ती म्हणाली. "इथे आम्ही जंतू मारतोय आणि तुम्ही ते खिशातून आणताय." दोन्ही फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिने कपाटात टाकले. जावयांनी मग तिलाच मध्ये घ्यायचा प्रयत्न केला. "सिस्टर, आईंना जरा सांगता का..." ती म्हणाली, "सासू समोर बसलीय. मी काय पोस्टमन आहे?" आणि गेली.

आता आली पंचाईत. खोलीत आम्ही दोघं, आणि तिसरा माणूस नाही. मग जावयांनी पलंगाशेजारच्या सलाईनच्या स्टँडकडे बघितलं, घसा साफ केला आणि म्हणाले, "पाणी मिळालं तर बरं होईल म्हणावं."

स्टँड बिचारा उभाच होता. उंच, सडपातळ, एका चाकाने जरा लंगडा. मला तो पहिल्यापासून आवडला होता. मी पाणी ओतलं, नळी लावून त्यांच्या तोंडाशी धरलं, आणि स्टँडकडे बघून म्हटलं, "एका घोटात पिऊ नये म्हणावं."

तिथून आमची गाडी रुळावर आली. लेकीपेक्षा स्टँड बरा, तो शिंकत नाही आणि तोंड वाकडं करत नाही. "पडदा ओढायला सांगा." "औषध कडू आहे, तोंड उघडून ठेवायला सांगा." फक्त एक गोष्ट होती. स्टँड मान हलवत नाही. त्यामुळे आमच्या कायद्याप्रमाणे मला काही सांगितलं गेलंय की नुसतं ऐकू आलंय, हे नक्की होत नव्हतं. मी काम करून टाकायचे आणि त्याचा विचार करायचे नाही.

मधे एकदा जावयांचा मुकादम आला, मागे सगळी रांग. दाराशी मी आडवी झाले. "आमचं रक्त आहे त्यांच्यात," मुकादम म्हणाला. "बघायचा हक्क आहे."

"हात बघू," मी म्हटलं. त्याने दाखवले. नखांत अख्खी इमारत होती. "रक्त दिलंत, उपकार झाले, जन्मभर विसरणार नाही. आता त्या रक्तात हे सिमेंट मिसळायचंय का? काचेतून हात करा आणि निघा." त्यांनी काचेतून हात केले. एकाने तर काचेवरच पंजा टेकवला, तो डाग मी नंतर पुसून काढला. आत आले तेव्हा जावई स्टँडला म्हणत होते, "राखण कडक आहे म्हणावं." मला बरं वाटलं. मी ते मास्कच्या आत ठेवलं.

आणि मग तो दिवस. सकाळी मी खुर्चीत बसले न बसले तोच जावई स्टँडला म्हणाले, "जरा थंडी वाजतेय." मी उठले, पंखा बंद केला, पायावर चादर घातली, वर दुसरी घातली. झालं काम. थोड्या वेळाने त्यांचा डोळा लागला. सिस्टर आली, तिने थर्मामीटर लावलं, त्यात काही निघालं नाही, दुखण्यावरचं औषध नुकतंच गेलं होतं. ती हळू आवाजात मला म्हणाली, "मावशी, काही तक्रार? काही म्हणाले का?"

मी म्हटलं, "नाही. मला काही बोलले नाहीत."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. माझ्याशी ते कित्येक वर्षांत काही बोलले नव्हते.

दुपारच्या आधी ते जागे झाले आणि स्टँडला म्हणाले, "पाय ठणकतोय आज." मी उशी सरकवली. सिस्टर दारातून डोकावली, "ठीक ना?" मी म्हटलं, "ठीक." माझ्या डोक्यात एकदासुद्धा आलं नाही, शपथेवर सांगते. थंडी वाजली, चादर दिली. पाय दुखला, उशी दिली. मागितलं ते सगळं दिलं की.

जेवणाचं ताट परत गेलं, तसंच भरलेलं. मी खिडकीपाशी उभी होते. मागून आवाज आला.

"आई."

मी मागे वळून दाराकडे बघितलं, लेक आली की काय म्हणून. दारात कुणी नव्हतं. जावई माझ्याकडे बघत होते. स्टँडकडे नाही, माझ्याकडे. डोळे तांबडे, चकाकणारे.

"आई, बाथरूमचा उतार माझा चुकला होता," ते म्हणाले. "तुमचं बरोबर होतं. मला तेव्हाच कळलं होतं."

आता मी खोटं कशाला बोलू. एवढी वर्षं मी या एका वाक्याची वाट बघितली होती. ते कधी म्हणतील, कुणासमोर म्हणतील, मी तेव्हा कुठली साडी नेसलेली असेन, सगळं मी ठरवून ठेवलेलं होतं. काय उत्तर द्यायचं तेही ठरलेलं होतं. ते ओठांवर आलं. आणि त्याच्या मागोमाग डॉक्टरीणबाईंचा शब्द आला. बरळणं.

सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, असा हा माणूस. रक्त गेलं, हाड मोडलं, तरी यांनी पाणी स्टँडकडे मागितलं. हे शुद्धीवर असताना चूक कबूल करतील? शक्यच नाही. मी जी धावले ती त्या वाकड्या पायाने कशी धावले, मला माहीत नाही.

"सिस्टर, चला. जावई बरळतायत."

"काय म्हणतायत?"

"फरशी चुकली म्हणतायत."

"कुठली फरशी?"

"ते मागाहून सांगते. आधी चला."

तिने आत येऊन त्यांच्या कपाळाला हात लावला आणि तिचा चेहरा बदलला. पुढे सगळं एकदम झालं. थर्मामीटर, बेल, डॉक्टरीणबाई, पट्टी सोडली, पट्टीखाली बघितलं, माझ्याकडे कुणी बघितलं नाही. मग बघितलं.

"थंडी कधीपासून वाजतेय?"

"सकाळपासून."

"तुम्हाला त्यांनी सांगितलं होतं?"

"मला नाही," मी म्हटलं. "स्टँडला सांगितलं होतं."

डॉक्टरीणबाईंनी स्टँडकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी थोडक्यात सांगायला लागले, बाथरूम, पाहुणे, गुडघा. ती ओरडली असती तर मी दोन शब्द परत दिले असते, त्यात मी कमी पडत नाही. ती ओरडली नाही. "सकाळपासून, मावशी," एवढंच म्हणाली, आणि दवाखान्यातली माणसं पलंग ढकलत त्यांना ऑपरेशनला घेऊन गेली. स्टँडही त्यांच्याबरोबर गेला, लंगडत.

बाहेर बाकावर मी एका टोकाला बसले. लेक आली आणि मास्क लावून दुसऱ्या टोकाला बसली. मी घाबरले होते. मी तिला सगळं सांगितलं, थंडीचं, ठणक्याचं, सिस्टरने दोनदा विचारल्याचं.

"आई," ती म्हणाली, "तू ऐकलं होतंस ना?"

"ऐकलं होतं."

"मग?"

ऐकू येणं वेगळं आणि सांगितलं जाणं वेगळं. एरवी मी हे तोंडावर फेकलं असतं. त्या बाकावर ते माझ्या तोंडातून निघेना. या माणसाने थंडी वाजते म्हटलं आणि मी चादर दिली, पण तो शब्द मात्र उचलला नाही, जिथला तिथे पडू दिला. त्याच्या जागी माझी लेक असती तर मी सगळा दवाखाना डोक्यावर घेतला असता.

"हे वाचू देत," मी म्हटलं. "मग मी त्यांना तोंडावर सांगेन, फरशी सरळ आहे."

"ती सरळ नाहीये, आई. पोतं रोज मीच बदलते."

"मला माहीत आहे. तरी सांगेन."

ती रडत होती, त्यात तिला हसू आलं, त्यात शिंक आली, आणि ती बाकावर आणखी लांब सरकली.

बऱ्याच वेळाने डॉक्टरीणबाई आली. मांडीच्या जखमेत पू धरला होता. तो काढला, जखम धुतली, औषध बदललं. आजची रात्र गेली असती तर तो रक्तात सगळीकडे पसरला असता, मग सांगता आलं नसतं, म्हणाली. "सकाळी सांगायला हवं होतं," ती म्हणाली. "पण बरळतायत म्हणून धावत आलात ते बरं केलंत."

आता माझी गोची बघा. ते बरळत होते असं धरलं, तर मी वेळेवर धावले, जावयांना वाचवलं, पण मग उताराची कबुली फुकट गेली, तापातल्या बोलण्याला कोण विचारतो. आणि ते शुद्धीवर बोलले असं धरलं, तर मी जिंकले, पण मग धावले ते उगाच. दोन्ही एकदम पदरात पडत नव्हतं. मी लेकीला विचारलं, तुझं काय मत. ती म्हणाली, मला यात घेऊ नकोस, मी राजीनामा दिलाय.

पुढचे काही दिवस मला आत सोडलं नाही. ताप उतरला, पुन्हा चढला, मग उतरला तो उतरला. काचेतून मी बघायचे. ते झोपलेले असायचे आणि शेजारी तो स्टँड. मला त्याचा राग यायचा. लोखंडाचा राग धरण्यात अर्थ नाही, हे कळत होतं, तरी यायचा.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. "आत जा," ती म्हणाली. "पण बोलणार असाल तरच. नाहीतर मी दुसरं कुणीतरी बघते, तो मुकादमसुद्धा चालेल, हात घासून."

मी हात धुतले. कोपरापर्यंत, नखांखाली. धुता धुता वाक्य म्हणून बघितलं, नळाच्या आवाजात कुणाला ऐकू येत नाही. गाऊन, टोपी, मास्क. आत गेले. जावई उशीला टेकून बसले होते. गालफडं बसलेली, दाढी वाढलेली, पण डोळे त्यांचे स्वतःचे होते. आमच्या मधे स्टँड. मी तो धरला आणि बाजूला ढकलला, लंगडत गेला भिंतीपाशी.

"जावईबापू," मी म्हटलं. आवाज असा निघाला, वर्षानुवर्षं बंद असलेला नळ सोडल्यासारखा, आधी नुसती खरखर. "जावईबापू, फरशी सरळ आहे."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हात लांब केला आणि उशाची बेल दाबली. सिस्टर धावत आली, मागे तिची ट्रॉली.

"सिस्टर," जावई म्हणाले, "आईंना ताप आलाय बहुतेक. बरळतायत."

मी तोंड उघडलं, आणि त्या बाईने, अजून सांगते तिला विनोद म्हणजे काय ते कळत नाही, माझा मास्क खाली ओढून तोंडात थर्मामीटर घातलं. मी उभी. बोलायचं तर बोलता येईना. जावई हसत होते. पोटाचे टाके धरून, कळ येत होती तरी हसत होते. हसण्यात ते माझ्या लेकीसारखे दिसतात, इतक्या वर्षांत मी ते पाहिलं नव्हतं.

"ताप नाही," सिस्टर म्हणाली. "शुद्धीवर आहेत." आणि गेली.

मी मास्क वर घेतला. "त्या दिवशी तुम्ही उताराचं बोललात," मी म्हटलं, "ते तापात की शुद्धीवर?"

"तुम्ही आत्ता बोललात ते?"

मी खुर्ची पलंगाजवळ ओढली, गुडघा लांब करून बसले. त्यांनी तो बघितला. काही म्हणाले नाहीत.

"हसू नका आता, टाके तुटतील," मी म्हटलं. "आणि एक ऐकून ठेवा. थंडी वाजली, ठणकलं, काहीही झालं, तर मला सांगायचं. मला."

"बरं, आई."

मग आम्ही बसलो. नातीचं विचारलं त्यांनी, मी सांगितलं. मुकादमाचं मी सांगितलं, त्यांना माहीत होतं तरी त्यांनी ऐकून घेतलं. वर पंखा भिरभिरत होता. थोड्या वेळाने ते चादर गळ्यापर्यंत ओढत म्हणाले, "आई, जरा गार वाटतंय."

मी उठून दाराबाहेर होते. मागून त्यांचा आवाज आला, "आई, अहो थांबा, पंखा जोरात आहे, तो नुसता कमी करा."

ते मला ऐकू आलं. मला सांगितलेलंच होतं. तरी मी सिस्टरला घेऊनच आले.